कोडचे छोटे तुकडे आणि कामाची टिपणे आपसांत कशी ठेवावीत, कशी द्यावीत?

प्रश्न (तिवसा तालुका, जि. अमरावती)

सर्वांना नमस्कार. आम्ही सहा जण तिवसा आणि चांदूर रेल्वे या दोन तालुक्यांतल्या गावांत राहून सॉफ्टवेअरचे काम करतो. दोघे घरूनच पुण्याच्या कंपन्यांचे काम करतात, आणि बाकीचे आम्ही जिनिंगचे हिशेब, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या खरेदीच्या नोंदी, बचत गटांची खाती अशी जवळपासची कामे घेतो. कामात लागणारे कोडचे छोटे तुकडे आणि ‘अमुक कसे करावे’ अशी टिपणे आम्ही गेली काही वर्षे व्हॉट्सॲपच्या गटावर एकमेकांना देत आलो आहोत. ही पद्धत गेल्या हंगामात अंगाशी आली, म्हणून येथे विचारतो आहे.

घडले ते असे. एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन खरेदीचे काम माझ्याकडे होते. सभासदांची यादी जुन्या संगणकावर टंकलेली होती आणि खरेदीच्या नोंदी केंद्रावरच्या मुलांनी मोबाइलवरून भरलेल्या होत्या. दोन्ही याद्या गावाच्या आणि नावाच्या आधारे जुळवायच्या होत्या. मजकुरात अदृश्य चिन्हे असली की जुळणी फसते हे ठाऊक असल्यामुळे मी गटावर शोधले, तेव्हा एका मित्राने पूर्वी टाकलेला चार ओळींचा पायथॉनचा तुकडा सापडला. वर फक्त ‘अदृश्य कॅरेक्टर काढण्यासाठी, उपयोगी आहे’ एवढे लिहिले होते. मी तो दोन्ही याद्यांवर चालवला, चूक काही दाखवली नाही, आणि मी पुढच्या कामाला लागलो.

आठ दिवसांनी कुऱ्हा गावचे एक वयस्कर शेतकरी पावती घेऊन केंद्रावर आले आणि म्हणाले, “आमच्या गावाचं नाव असं लिहीत नाहीत.” पावतीवर ‘कुर्हा’ छापले होते, म्हणजे ऱ्ह मधला र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला होता. त्या गावचे सगळे सभासद जुळणीतून सुटले होते आणि त्यांची नावे फरकाच्या रकमेच्या यादीत आलीच नव्हती. पावतीवर नाव छापले नसते, तर ही गोष्ट आणखी किती दिवस लक्षात आली नसती हे मला सांगता येणार नाही.

मित्राला विचारले तेव्हा त्याने सांगितले की तो तुकडा त्याने वेबपानावरून उचललेले मोबाइल क्रमांक साफ करण्यासाठी लिहिला होता, आणि त्या कामाला तो अगदी बरोबर होता. त्याची काही चूक नव्हती. तुकडा कशासाठी लिहिला ही गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात राहिली आणि माझ्यापर्यंत फक्त चार ओळी पोहोचल्या.

माझा प्रश्न असा आहे. आम्हा सहा जणांसारख्या विखुरलेल्या लोकांनी हे तुकडे आणि टिपणे कोठे ठेवावीत, आणि प्रत्येकाबरोबर किमान काय लिहिले पाहिजे? आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारची लाइन जाते, मोबाइलचे नेटवर्क पावसात बेभरवशाचे असते, त्यामुळे सतत जोडणी लागेल अशी व्यवस्था टिकणार नाही. पैसे देऊन घ्यायची सेवाही नको आहे.

उत्तर १ (दारव्हा, जि. यवतमाळ)

भाऊ, तुमच्या मित्राच्या तुकड्याने नेमके काय केले ते आधी लिहिते, कारण टिपणात काय असावे याचे उत्तर त्यातच आहे.

‘कुऱ्हा’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याच्या पद्धतीत, निदान दोन प्रकारे साठवलेला आढळतो. पहिल्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, ज्याचा क्रमांक ०९३१ आहे, आणि त्यानंतर हलन्त, म्हणजे ०९४डी, येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, म्हणजे ०९३०, मग हलन्त, आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह असते, ज्याचा क्रमांक २००डी आहे. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. लांबी मोजली तर मात्र पहिल्याची सहा येते आणि दुसऱ्याची सात. तुमच्या सभासद यादीत दुसरा प्रकार असणार आणि मोबाइलवरून आलेल्या नोंदींत पहिला. मित्राच्या तुकड्याने २००डी काढून टाकले, आणि जोडणारे चिन्ह गेल्याबरोबर उरलेला र नियमाप्रमाणे रफार झाला. मोबाइल क्रमांकात हे चिन्ह कचरा असते. मराठीत ते अक्षराचाच भाग असते.

आता कोणी सुचवील की शेवटी सगळे ‘र्ह’ आणि ‘र्य’ उलट बदलून घ्यावेत. तसे कृपया करू नका. ‘अर्हता’ हा शब्द रफारानेच बरोबर आहे, आणि आपले दर्यापूर ‘दऱ्यापूर’ होऊन बसेल. आचार्यांना आणि आचाऱ्यांना या दोन शब्दांतला फरक शाळेत शिकवतात तो याचसाठी. जॉइनर एकदा काढला की तो कोठे होता हे कोणत्याही नियमाने परत काढता येत नाही, मूळ फाइलच लागते. तुमच्याकडे जुनी सभासद यादी न बदलता ठेवलेली असेल तर काम सोपे आहे.

टिपण कसे असावे याबद्दल माझा अनुभव सांगते. मी ज्या गटात काम करते तेथे आम्ही एका तुकड्याला एक साधी मजकूर-फाइल ठेवतो आणि तीत कोडच्या आधी प्रसंग लिहितो. तुमच्या बाबतीतले टिपण मी असे लिहिले असते:

“गावांची किंवा माणसांची देवनागरी नावे दोन याद्यांत जुळवायची असतील तेव्हा, जुळणीच्या आधी वापरावे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसंध रूपात आणावा, म्हणजे र आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) असे वेगळे पडलेले ऱ एक होते. मग ०९३०, ०९४डी, २००डी ही तीन चिन्हे या क्रमाने सलग येतील तेथे ०९३१ आणि ०९४डी ही दोन घालावीत. त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. हा क्रम उलटा केला तर कुऱ्हा, वऱ्हाड, बऱ्हाणपूर या नावांची मोडतोड होते आणि ती दुरुस्त करता येत नाही. मूळ फाइलवर चालवू नये, प्रतीवर चालवावे. नावे छापण्यासाठी मूळ मजकूर वापरावा, हे रूप फक्त जुळणीसाठी आहे. तपासणी: सात लांबीचा कुऱ्हा दिल्यावर सहा लांबीचा मिळाला पाहिजे, आणि दर्यापूर दिल्यावर दर्यापूरच मिळाले पाहिजे.”

याखाली येणारा कोड तीन ओळींचा आहे आणि हा मजकूर दहा ओळींचा. हे प्रमाण मला योग्य वाटते. कोड पुन्हा लिहिता येतो. दर्यापूरची अडचण कोणाला कधी आली होती ही आठवण मात्र त्या माणसाबरोबरच निघून जाते.

टिपणाच्या तळाशी पायथॉनची आवृत्ती, विंडोजवर पाहिले की लिनक्सवर, आणि शेवटचे कधी चालवून पाहिले ती तारीख लिहावी. विंडोजचा उल्लेख मी मुद्दाम करते. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगितले नाही, तर लिनक्सवर बहुधा काम होते आणि विंडोजवर प्रणालीचे जुने एन्कोडिंग धरले जाते. मग तोच तुकडा एकाकडे चालतो आणि दुसऱ्याकडे देवनागरीचा चिखल करतो, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

उत्तर २ (आर्वी, जि. वर्धा)

ताईंनी टिपणाचे सांगितले, मी ठेवण्याच्या जागेबद्दल लिहितो. मी महाविद्यालयात शिकवतो आणि विद्यार्थ्यांबरोबर हीच अडचण दरवर्षी पाहतो.

व्हॉट्सॲपवर कोड टाकण्यातली पहिली हानी तर टाकल्याबरोबर होते. दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि तारे नाहीसे होतात, अधोरेषांमधला मजकूर तिरका होतो, आणि काही मोबाइल-कळफलक सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे घालतात, जी पायथॉनला चालत नाहीत. मजकुराच्या आधी आणि नंतर तीन बॅकटिक (`) घातले तर तारे आणि अधोरेषा वाचतात. तेवढे तरी आजपासून करावे. पण फोन बदलला, बॅकअप राहून गेला की सगळेच जाते, हा दोष बॅकटिकने जात नाही.

तुमच्या परिस्थितीला गिट हे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारे सॉफ्टवेअर अगदी जुळते, आणि गिट म्हणजे इंटरनेट हा समज आधी दूर करावा लागेल. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिले तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे की प्रत्येकाच्या संगणकावर सगळ्या इतिहासासह पूर्ण प्रत असते. लाइन नसो, नेटवर्क नसो, लॅपटॉपच्या बॅटरीवर तुम्ही टिपण लिहू शकता, जुने रूप पाहू शकता, बदल नोंदवू शकता. देवाणघेवाण तेवढी नंतर होते. ती पेनड्राइव्हनेही होते: पेनड्राइव्हवर एक बेअर रेपॉझिटरी, म्हणजे फक्त इतिहासाची सामायिक साठवण, ठेवावी, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला भेट झाली की प्रत्येकाने तीत आपले बदल ढकलावेत आणि इतरांचे ओढून घ्यावेत. भेट होणार नसेल तर गिट बंडल या आज्ञेने सगळा इतिहास एकाच फाइलमध्ये बांधता येतो. ती फाइल कशीही पाठवा, समोरचा माणूस तिच्यापासून क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, करू शकतो. नेटवर्क चांगले असलेल्या दिवशी कोणी एकाने गिटहब या संकेतस्थळावरच्या खासगी रेपॉझिटरीत एक प्रत चढवून ठेवावी, म्हणजे सहाही संगणकांवर संकट आले तरी काही बुडत नाही.

एका फाइलमध्ये एकच टिपण हा नियम मात्र पाळावा. सगळी टिपणे एका लांबलचक फाइलमध्ये ठेवली तर दोघांनी एकाच वेळी भर घातली की दोन बदलांचा तंटा होतो. वेगळ्या फाइली असल्या तर तो प्रसंग क्वचित येतो. शोधण्यासाठी गिट ग्रेप पुरेसे आहे. वेगळे संकेतस्थळ, विकी, विषयवार फोल्डरांची उतरंड हे सहा जणांना लागत नाही, आणि तुम्ही त्यात वेळ घालू नये असे माझे मत आहे. फोल्डरांची रचना ठरवण्यात माझ्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचे पूर्ण सत्र गेले आणि टिपणे अकराच झाली.

गिस्टबद्दलही कोणी सुचवील. गिटहबची ही सेवा २००८ पासून आहे, आणि प्रत्येक गिस्ट आतून गिटची रेपॉझिटरीच असते, म्हणून ती क्लोनही करता येते. एक सुटा तुकडा कोणाला दाखवायचा असेल तर ती सोयीची आहे. पण तिच्यातला ‘सीक्रेट’ हा शब्द फसवा आहे. तशी गिस्ट शोधात येत नाही एवढेच, दुवा ज्याच्या हाती लागेल तो ती वाचू शकतो.

प्रश्नकर्ता

ताई, सर, मनःपूर्वक आभार. जुनी सभासद यादी सुदैवाने न बदलता शिल्लक आहे, त्यामुळे जुळणी पुन्हा करता येईल. बाजाराच्या दिवसाची कल्पना सगळ्यांना पटली. शनिवारी आमच्यातले चौघे तसेही भेटतात.

एक गोष्ट आणखी विचारतो. टिपणे मराठीत लिहावीत की इंग्रजीत, यावर आमच्यात दोन मते आहेत. पुण्याच्या कंपनीचे काम करणाऱ्या मित्रांचे म्हणणे असे की इंग्रजीत लिहिले तर पुढे कोठेही दाखवता येईल.

उत्तर ३ (मेहकर, जि. बुलढाणा)

मराठीत लिहावीत, असे मी ठामपणे म्हणेन, आणि त्याचे कारण भाषाप्रेमाच्या आधी कामाचे आहे. टिपणातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ‘हे का केले’ हा होय, आणि माणूस तो आपल्या भाषेत विचारतो तसा लिहितो. आमच्या गटात इंग्रजीत लिहिण्याचा आग्रह होता तोपर्यंत प्रत्येकाचे टिपण दोन ओळींत संपत असे. मराठीची मुभा मिळाल्यावर तीच माणसे अर्धे पान लिहू लागली, आणि त्या अर्ध्या पानातच कामाच्या गोष्टी निघाल्या.

त्याला एक अपवाद करावा. संगणकाने दाखवलेला त्रुटीचा संदेश जसाच्या तसा, इंग्रजीत, अक्षर न बदलता मजकूर म्हणून टिपणात चिकटवावा. पडद्याचा फोटो नको, कारण फोटोत शोध घेता येत नाही. पुढचा माणूस अडेल तेव्हा त्याच्यासमोर तोच संदेश असेल आणि तो तेवढाच शोधणार आहे. त्याचबरोबर लोक ज्या शब्दांनी शोधतील ते शब्द एका ओळीत घालावेत: सातबारा, गट क्रमांक, एक्सेल, तारीख, असे.

सातबाराचा विषय निघालाच आहे म्हणून आमच्या संग्रहातले सर्वांत जास्त उघडले जाणारे टिपण सांगतो. गट क्रमांक आणि हिस्सा १२/१ असा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या, फाइलमध्ये असेल आणि ती फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली, तर त्याची तारीख होते, आणि फाइल तशीच जतन केली की मूळ आकडा गेला. जे आकडे तारखेसारखे दिसतात तेवढेच बदलतात आणि बाकीचे तसेच राहतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. उपाय असा की फाइल आयात करून तो स्तंभ मजकूर म्हणून घ्यावा, आणि पांडाज या पायथॉनच्या लायब्ररीत वाचताना त्या स्तंभाचा प्रकार स्ट्रिंग सांगावा. त्याच टिपणात दुसरी एक सूचना आहे: १ हेक्टर ५ आर हे दशांशात १.०५ होते, १.५ नव्हे, कारण हेक्टरला १०० आर असतात. हे आमच्या एका मित्राला वावराचे क्षेत्र पंचेचाळीस आरने जास्त दाखवल्यावर कळले, आणि त्याने त्याच दिवशी ते लिहून ठेवले.

अंकांचेही लक्षात असू द्या. देवनागरी अंकांतला मजकूर पायथॉनचे इंट फंक्शन सरळ संख्येत बदलते, पण जावास्क्रिप्टचे नंबर तसे करत नाही, तेथे ‘ही संख्या नाही’ असे उत्तर येते. एकाच फॉर्मसाठी पुढे जावास्क्रिप्ट आणि मागे पायथॉन असेल तर दोन टोकांना दोन वेगळे निकाल मिळतात. टिपणात भाषेचे नाव लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे.

उत्तर ४ (हिंगणघाट, जि. वर्धा)

वरच्या सगळ्या उत्तरांशी सहमत होऊन दोन गोष्टींची भर घालतो, कारण त्या राहून गेल्या तर पुढे त्रास होतो.

टिपणात नमुना म्हणून खऱ्या शेतकऱ्याचे नाव, खाते क्रमांक, आधार क्रमांक कधीही ठेवू नये. गिटमध्ये फाइल पुसली तरी इतिहासात राहते, आणि तुमच्या पेनड्राइव्हवरून ती सहा ठिकाणी गेलेली असते. पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली (दुसऱ्या सेवेत प्रवेश देणारा गुप्त संकेत) चुकून गेली, तर इतिहास साफ करण्याच्या आधी ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी, कारण साफ करेपर्यंत ती कोणी घेतली असेल हे आपल्याला कळणार नाही. पण नमुना बनावट करताना एक चूक सर्रास होते: आपण नवे, स्वच्छ नाव टंकतो आणि ज्या दोषासाठी टिपण लिहिले तो दोषच नाहीसा होतो. माणूस बदलावा, दोष ठेवावा. जॉइनरसारखे चिन्ह तर चिकटवण्यात टिकेलच असे नाही, म्हणून तपासणीच्या ओळीत ते चिन्ह प्रत्यक्ष न टंकता त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहावे. तुमच्या कुऱ्हा गावासाठी हेच करा, नाहीतर एखाद्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडून जतन केली की सातचे सहा होतील आणि तपासणी खोटीच पास होईल.

दुसरी गोष्ट उगमाची. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या उत्तराला क्रिएटिव्ह कॉमन्सचा बीवाय-एसए परवाना असतो, २ मे २०१८ पासूनच्या मजकुराला त्याची ४.० ही आवृत्ती लागू आहे, आणि त्यात श्रेय देणे बंधनकारक आहे. टिपणात त्या उत्तराचा दुवा आणि लिहिणाऱ्याचे नाव ठेवावे. ज्या रेपॉझिटरीला परवानाच नाही तिच्यातला कोड ‘उघड्यावर आहे म्हणून आपला’ असे धरू नये. तुमच्या स्वतःच्या टिपणांना एमआयटीसारखा एखादा परवाना सुरुवातीलाच लावून टाका. पुढे सहा जणांपैकी कोणी ते ग्राहकाच्या कामात वापरले तर परवानगी मागत फिरावे लागणार नाही.

नेटवर्कचे म्हणाल तर किविक्स हे सॉफ्टवेअर पाहावे. त्यावर स्टॅक ओव्हरफ्लोचा संग्रह इंटरनेटशिवाय वाचता येतो. फाइल मोठी असते, ती तालुक्याला एकदा उतरवून घ्यावी आणि पेनड्राइव्हने फिरवावी. पायथॉनचे अधिकृत दस्तऐवजही संगणकावर उतरवून ठेवता येतात. आधी तेथे पाहण्याची सवय लागली की तुमच्या संग्रहात फक्त तुमच्या भागाची, तुमच्या कामाची टिपणे राहतील.

प्रश्नकर्ता

शनिवारी चौघे बसलो. रेपॉझिटरी तयार झाली, पेनड्राइव्हवर बेअर प्रत ठेवली, आणि मराठीत लिहायचे ठरले. उरलेल्या दोघांना बंडल पाठवले, त्यांपैकी एकाने क्लोन करून पाहिले आहे. पहिले टिपण कुऱ्हा गावाचे आहे, आणि ते मूळ तुकडा लिहिणाऱ्या मित्रानेच लिहिले. त्याने आपल्या जुन्या तुकड्याचेही वेगळे टिपण करून त्यावर ‘फक्त मोबाइल क्रमांकांसाठी’ असे लिहिले. हिंगणघाटच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे तपासणीत जॉइनर क्रमांकाने घातला आहे. दर्यापूरही तपासणीत आहे.

जुन्या सभासद यादीवरून जुळणी पुन्हा केली. सुटलेल्या सभासदांची पुरवणी यादी काल केंद्रावर दिली, आणि त्या काकांची पावती गावाच्या बरोबर नावाने नव्याने छापून त्यांच्या घरी नेऊन दिली.